सीआरपीचे एकक चुकले आणि निबंध छापून गेला: आता काय करावे?

पत्र

आदरणीय मॅडम,

मी विदर्भातील एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांना दर महिन्याला महाविद्यालयात बोलावण्याऐवजी गावाजवळच्या शिबिरात तपासून मेथोट्रेक्झेट हे औषध चालू ठेवले, तर आजार तेवढाच आटोक्यात राहतो का, हा त्याचा विषय होता. सर्वांची पहिली रक्ततपासणी आमच्या प्रयोगशाळेत झाली. सहा महिन्यांनंतरची तपासणी मात्र, एसटीचा फेरा आणि बुडणारी मजुरी वाचावी म्हणून, शिबिरातील रुग्णांनी तालुक्याच्या खाजगी लॅबमध्ये करून घेतली. महाविद्यालयात येणाऱ्यांची ती आमच्याकडेच झाली. शिबिराचा निकाल उजवा आला आणि त्याचे कौतुकही झाले.

अलीकडे एका निवासी डॉक्टरला प्रबंधासाठी जुनी माहिती हवी होती म्हणून मी मूळ रिपोर्ट काढले. आमची प्रयोगशाळा सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देते आणि तालुक्याची लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. एक्सेलच्या फाइलमध्ये दोन्ही आकडे जसेच्या तसे उतरवले गेले आहेत. म्हणजे शिबिरातील रुग्णांचा नंतरचा प्रत्येक आकडा खऱ्याच्या एक दशांश आहे, आणि त्यावरूनच आम्ही डॅस-२८, म्हणजे आजार किती तीव्र आहे हे सांगणारा आकडा, काढला.

मी हे आमच्या सरांना सांगितले. ते माझे मार्गदर्शक आहेत आणि निबंधाचा पत्रव्यवहारही त्यांच्याच नावाने होतो. ते म्हणाले, "छापलं ते छापलं. रुग्णांना बरं वाटतंय ना? उगाच आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नका." पुढच्या वर्षी माझी पदोन्नती आहे आणि तीत हा निबंध धरलेला आहे, त्यात माझे नाव पहिले आहे. निबंध मागे घ्यावा लागेल का? मला लबाड ठरवतील का? सरांच्या मनाविरुद्ध मला संपादकांना लिहिता येते का?

एक सहायक प्राध्यापक

उत्तर

डॉक्टर, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते. पण त्यांच्याआधी एक काम उरकायला हवे आणि त्याचा संपादकांशी काही संबंध नाही. सहा महिन्यांनंतरचा डॅस-२८ पाहून ज्या रुग्णांचे मेथोट्रेक्झेट कमी केले गेले, स्टेरॉइड किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद केले गेले, किंवा ज्यांना "आता तीन महिन्यांनी या" असे सांगितले गेले, त्या सर्वांची यादी शिबिराच्या नोंदवहीतून याच आठवड्यात काढा आणि आशाताईंमार्फत त्यांना पुढच्या शिबिराला बोलावून घ्या. आपल्याकडच्या बायका विचारले की "बरं हाय जी" म्हणून मोकळ्या होतात, तेवढ्यावर विसंबू नका. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढताना, बोटांच्या मुळाशी सूज असलेल्या बाईचा हात मागे पडतो. आणि मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे आजार पुन्हा डोके वर काढतो आहे हे तिला कोणत्याही स्कोअरच्या आधी कळलेले असते. म्हणून सकाळी बोटे वळायला किती वेळ लागतो आणि दिवसाकाठी कापूस किती वेचून होतो, हे तिला विचारा, आणि अठ्ठावीस सांधे पुन्हा हाताने तपासा. सांध्यांत कायमची झीज होण्याआधी तिच्यापर्यंत पोहोचणे हे निबंधापेक्षा तातडीचे आहे.

आता निबंधाकडे येते. ही चूक किती मोठी आहे हे ठरवल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही, आणि ते केवळ अंदाजाने ठरणार नाही. सीआरपीवरून डॅस-२८ काढताना चार गोष्टी धरतात: अठ्ठावीसपैकी दुखरे सांधे किती, सुजलेले किती, सीआरपी किती, आणि आपल्या आजाराला रुग्ण स्वतः ० ते १०० पैकी किती गुण देतो. दुखऱ्या सांध्यांच्या वर्गमुळाला ०.५६ने, सुजलेल्या सांध्यांच्या वर्गमुळाला ०.२८ने आणि रुग्णाच्या गुणांना ०.०१४ने गुणतात, सीआरपीत १ मिळवून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घेतात आणि त्याला ०.३६ने गुणतात, आणि या सगळ्याच्या बेरजेत ०.९६ मिळवतात. हे सूत्र मिलिग्रॅम प्रति लिटरवर बेतलेले आहे.

समजा, एका रुग्णाचा एक सांधा दुखरा आहे, एक सुजलेला आहे, त्याने स्वतःला २० गुण दिले आहेत आणि सीआरपी लिटरला १२ मिलिग्रॅम आहे. त्याचा डॅस-२८ येतो ३.००. तोच सीआरपी १.२ म्हणून भरला तर येतो २.३६. रोग शमला असे म्हणण्याची रेषा २.६ आहे, म्हणजे ज्याचा आजार सौम्य असला तरी धुमसतो आहे, तो तुमच्या तक्त्यात शमलेल्यांच्या रकान्यात जाऊन बसला. दुसरा रुग्ण घ्या: दोन सांधे दुखरे, दोन सुजलेले, गुण ३०, सीआरपी २४. त्याचा खरा आकडा ३.७३. सहा महिन्यांनंतर त्याच्यात काडीचाही फरक पडला नाही, सांधे तेच आणि सीआरपीही तोच, तरी तालुक्याच्या लॅबच्या रिपोर्टवरून त्याचा आकडा ३.०१ येईल. ०.६पेक्षा जास्त घट झाली आणि नंतरचा आकडा ५.१च्या वर नसला, की युलार या युरोपीय संधिवात संघटनेच्या निकषांप्रमाणे त्याला मध्यम प्रतिसाद म्हणतात. औषधाचा कणभर गुण न येता हा रुग्ण गुण आलेल्यांत मोजला गेला.

दुसरे असे की ही चूक सगळ्यांना सारखी लागू होत नाही. लॉगरिदममुळे आणि त्यातल्या अधिकच्या १मुळे, सीआरपी २ असेल तर फरक ०.३३चा पडतो, २४ असेल तर ०.७२चा, आणि सीआरपी कितीही चढला तरी फरक ०.८३च्या पुढे जात नाही. म्हणून सरासरीत एखादी ठरावीक संख्या मिळवून ही दुरुस्ती होणार नाही. प्रत्येक रुग्णाचा आकडा नव्याने काढावा लागेल. आणि सगळ्यात गंभीर बाब ही की चूक फक्त शिबिराच्या गटात आहे. दोन्ही गटांत ती सारखी असती तर तुलना काही अंशी तरी तगली असती. इथे पारडे एकाच बाजूला झुकले आहे, आणि तुमचा निबंध तर तुलनेचाच आहे.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ फाइलला हात लावू नका. तिची एक प्रत तारीख घालून, बदलता येणार नाही अशी जपून ठेवा आणि दुरुस्ती दुसऱ्या प्रतीत करा. नव्या प्रतीत सीआरपीच्या शेजारी दोन रकाने जोडा, एक एककाचा आणि एक लॅबच्या नावाचा. मग मूळ रिपोर्टवरून आकडे दोघांनी वेगवेगळे भरावेत, आणि त्यांतला एक जण निबंधाशी संबंध नसलेला असावा. ज्या रिपोर्टवर एकक छापलेलेच नाही तिथे शेजारची सामान्य मर्यादा पाहा: ६पर्यंत सामान्य असे लिहिले असेल तर तो आकडा बहुधा प्रति लिटरचा आहे, ०.६पर्यंत असेल तर प्रति डेसिलिटरचा. तरीही शंका राहिली तर लॅबमध्ये जाऊन त्या काळातली नोंदवही पाहावी लागेल. ज्यांचे रिपोर्ट सापडतच नाहीत, त्यांचा आकडा गृहीत धरू नका. ते किती आहेत हे सांगा आणि त्यांना वगळून निकाल काय येतो ते दाखवा.

त्या रिपोर्टांत आणखी एक गोष्ट तपासायला सांगते, कारण ती पुष्कळदा नजरेतून सुटते. तालुक्याच्या लॅबचे आकडे ०.६, १.२, २.४, ४.८ असे दुपटीदुपटीनेच चढत असतील, तर ती तपासणी यंत्रावर झालेली नसून काचपट्टीवरच्या लॅटेक्स चाचणीने झालेली आहे. त्या चाचणीत रक्तद्रव पातळ करत जातात आणि गुठळ्या दिसेनाशा होईपर्यंतची शेवटची पायरी लिहितात. मधले आकडे तिला दिसतच नाहीत. असे असेल तर एकक सुधारूनही दोन्ही वेळचे आकडे एकाच पद्धतीचे होत नाहीत, आणि ही गोष्ट दुरुस्तीत स्वतंत्रपणे नोंदवावी लागेल. एक चूक सुधारताना शेजारची झाकून ठेवली, तर वर्षभराने पुन्हा हेच पत्र लिहावे लागते.

"रुग्णांना बरं वाटतंय ना?" हा सरांचा प्रश्न मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात तुमची मोठी सोय दडलेली आहे. दुखरे सांधे, सुजलेले सांधे आणि रुग्णाने दिलेले गुण, या तिन्हींना एककाच्या घोळाचा स्पर्श झालेला नाही. ती माहिती शाबूत आहे. तुमच्या तपासणीपत्रकात डॉक्टरांनी दिलेले गुण नोंदवलेले असतील तर सीडीएआय हा आजाराची तीव्रता मोजणारा दुसरा आकडा काढता येईल. त्यात ० ते १०च्या मापावर रुग्णाचे आणि डॉक्टरांचे गुण घेतात, दोन्ही प्रकारच्या सांध्यांची संख्या त्यांत मिळवतात, आणि रक्ततपासणीची गरजच पडत नाही. २.८पर्यंत रोग शमलेला, १०पर्यंत सौम्य, २२पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. सुधारलेल्या डॅस-२८च्या शेजारी सीडीएआयचे आकडे ठेवले की शिबिराचा उपयोग खरोखर झाला होता का, हे तुम्हाला आणि वाचकाला दिसेल. झाला असण्याची शक्यता पुष्कळ आहे. तो थोडा कमी निघाला तरी, ज्या भागातून संधिवाताचा तज्ज्ञ गाठायला नागपूरची वाट धरावी लागते, तिथे "शिबिर महाविद्यालयापेक्षा उणे पडत नाही" एवढेही ठामपणे सांगता आले तर ते मोलाचे आहे. पण ते खऱ्या आकड्यांवर सांगता आले पाहिजे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली सांधेदुखीच्या रुग्णांची घरोघर पाहणी सुरू झाली आणि तिचे आकडे आजही उद्धृत होतात; आपल्या खेड्यांतल्या संधिवातावर लिहिलेले इतके थोडे आहे, की जे आहे ते लोक शोधून शोधून वाचतात. "कोण वाचतंय" असे म्हणून तुमचा निबंध सोडून देता येणार नाही.

आता मागे घेण्याचा प्रश्न. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेसाठी १९९७पासून काम करणारी कोप ही संस्था, या दोघींची भूमिका स्पष्ट आहे. चूक मर्यादित असेल आणि मुख्य निष्कर्ष टिकत असेल तर दुरुस्ती प्रसिद्ध होते. निष्कर्षच टिकत नसेल तर निबंध मागे घेतला जातो, आणि अप्रामाणिकपणा नसून केवळ प्रामाणिक चूक असली तरीही निबंध मागे घेता येतो. म्हणजे मागे घेणे याचा अर्थ लबाडी असा होत नाही. चूक सगळीकडे झिरपलेली आहे, पण माहिती खरी आहे आणि फेरगणना होऊ शकते, अशा वेळी जुना निबंध मागे घेऊन त्याच्या जागी सुधारलेला पुन्हा छापण्याचीही वाट आहे. यांतले काय करायचे ते संपादक ठरवतात. तुम्ही सगळे आकडे त्यांच्यासमोर ठेवायचे आणि आपले मत सांगायचे.

दुरुस्ती म्हणजे जुना मजकूर गुपचूप बदलणे नव्हे. सातबाऱ्यावरची चुकीची नोंद जशी खोडरबराने पुसत नाहीत, तर फेरफार घेतात, त्याला क्रमांक आणि तारीख पडते आणि आधी काय होते तेही दिसत राहते, तसेच इथे आहे. दुरुस्तीची सूचना अनुक्रमणिकेत येते, तीत काय चुकले आणि आता काय आहे हे लिहिलेले असते, मूळ निबंधाचा निर्देश असतो, आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्या जातात. एखाद्या संपादकाने "आम्ही पीडीएफ बदलून टाकतो, सूचना कशाला" असे सुचवले तर नम्रपणे नकार द्या. जुनी पीडीएफ ज्याने आधीच उतरवून घेतली आहे, त्याला कळणार कसे?

तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा की मुख्य तक्ता, आलेख, सारांश आणि निष्कर्षाचे वाक्य असे सगळेच बदलेल, आणि संपादक तिसऱ्या वाटेचा, म्हणजे मागे घेऊन पुन्हा छापण्याचा, विचार करतील. त्याला घाबरू नका. भूमध्यसागरी आहार आणि हृदयविकार यांवरचा स्पेनमधला प्रेडिमेड हा गाजलेला अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१३ साली आला होता. त्यातल्या एका केंद्रावर चिठ्ठी टाकून एकेका व्यक्तीचा आहार ठरवण्याऐवजी सबंध दवाखान्याला एकच आहार दिला गेला होता. शिवाय एकाच घरातल्या दुसऱ्या माणसालाही चिठ्ठी न टाकता तोच आहार दिलेला होता. २०१८ साली लेखकांनी तो निबंध मागे घेतला, फेरविश्लेषण केले आणि त्याच नियतकालिकात तो पुन्हा छापला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. भाषा मात्र सौम्य झाली. गावपातळीवर काम करताना अशी गफलत किती सहज होते, हे तुम्ही जाणताच.

चूक लपून राहते तेव्हा काय होते, याचे उदाहरण तर संधिवाताच्याच क्षेत्रातले आहे. नोव्हेंबर २०००मध्ये त्याच नियतकालिकात रोफेकॉक्सिबवरचा व्हिगर हा अभ्यास आला. त्यात रुमॅटॉइड संधिवाताचे ८,०७६ रुग्ण होते आणि हे वेदनाशामक नॅप्रोक्सेनपेक्षा पोटाला कमी त्रास देते, असा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके वीस आले होते. छापलेल्या आकड्यांत सतराच धरले होते. उरलेले तीन ठरवलेल्या तारखेनंतरचे आहेत, असे समर्थन पुढे झाले. पण ती तारीख पोटाच्या तक्रारींची मोजणी थांबवण्याच्या तारखेच्या महिनाभर आधीची होती आणि निबंधात तसे सांगितलेले नव्हते. किमान दोन लेखकांना ते तीन झटके निबंध छापून येण्याच्या कितीतरी आधी माहीत होते. सप्टेंबर २००४मध्ये कंपनीने औषध बाजारातून काढून घेतले. निबंधाबद्दल साशंकता व्यक्त करणारी संपादकांची सूचना आली ती डिसेंबर २००५मध्ये. तोवर सांधे दुखतात म्हणून ते औषध घेणारी माणसे आणि लिहून देणारे डॉक्टर, दोघेही अपुऱ्या आकड्यावर विसंबून होते. तीन हा आकडा लहान दिसतो. नॅप्रोक्सेनच्या बाजूला एकूण झटकेच चार होते हे पाहिले की त्याचे वजन कळते.

उलट बाजूने, मूळ कागद हाताशी असणे ही तुमची केवढी मोठी जमेची बाजू आहे हे २०२०च्या प्रकरणातून दिसते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे कोविडच्या रुग्णांचे मृत्यू वाढतात, असे सांगणारा निबंध २२ मे रोजी लॅन्सेटमध्ये आला. आधी त्यात एका रुग्णालयाचा खंड चुकल्याची छोटी दुरुस्ती झाली. पण मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी मिळेना, तेव्हा चारपैकी तीन लेखकांनी ४ जूनला तो मागे घेतला. तुमच्याकडे प्रत्येक रुग्णाचा रिपोर्ट आहे. तुमची चूक सुधारता येण्याजोगी आहे ती यामुळेच.

जाता जाता एवढे सांगते, कारण हे सदर इतरही संशोधक वाचतात: चूक औषधाच्या मात्रेची असेल तर एवढे सगळे करत बसू नये. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि म्हणूनच आपण रुग्णाला "बाजाराच्या दिवशी घ्या" असे ठरवून देतो. रोज घेतले तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात आणि जीवही जातो. निबंधात "आठवड्याला" ऐवजी "रोज" असे छापले गेले असेल, तर त्याच दिवशी संपादकांना कळवावे. फेरगणनेची वाट पाहू नये.

सरांशी पुन्हा बोला, पण राउंड चालू असताना किंवा निवासी डॉक्टरांसमोर नको. वेळ मागून घ्या आणि हातात एकच पान घेऊन जा: वर जुना तक्ता, खाली सुधारलेला, आणि बाजूला दोन रिपोर्टांच्या छायाप्रती, रुग्णाचे नाव झाकून. पहिल्यांदा तुम्ही गेलात तेव्हा बहुधा फक्त काळजी घेऊन गेला होतात, आणि काळजी टाळायला माणसाला एक वाक्य पुरते. समोरचा तक्ता टाळणे अवघड असते. त्यांना दोष देऊ नका, कारण आकडे भरणे, तपासणे आणि निबंध वाचून पाठवणे यांत सगळे लेखक आले. "पत्रव्यवहार तुमच्या नावाने होतो, म्हणून हे पत्र तुमच्याच सहीने जावे अशी माझी इच्छा आहे; मसुदा तयार आहे," असे म्हणा. बहुतेक ज्येष्ठ माणसांना, दुरुस्तीचा पुढाकार आपल्या नावावर राहतो आहे हे दिसले की, वाट मोकळी होते.

तरीही त्यांनी नाही म्हटले तर तुम्हाला लिहिता येते. निबंधाचा प्रत्येक लेखक त्यातल्या मजकुराला उत्तरदायी असतो, आणि चूक कळवण्यासाठी मार्गदर्शकाची परवानगी लागते असा नियम कुठेही नाही. मात्र निनावी लिहू नका आणि सरांच्या पाठीमागे लिहू नका. इतर सर्व लेखकांना पंधरा दिवसांची मुदत देऊन ईमेल करा, तिच्यासोबत फेरगणना जोडा, आणि मुदत संपल्यावर संपादकांना पत्र पाठवताना सर्वांना त्याची प्रत द्या. संपादक सगळ्या लेखकांचे म्हणणे मागवतील, आणि एकमत झाले नाही तर महाविद्यालयाकडे विचारणा करतील. म्हणून पत्र जाण्याआधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीच्या सचिवांना लेखी कळवून ठेवा. यात तुमचे आणि सरांचे संबंध काही काळ ताणले जातील, हे मी नाकारत नाही. रोज एकाच ओपीडीत बसायचे आहे, त्यामुळे ही गोष्ट सोपी नाही, आणि विभागात एखादी ज्येष्ठ, समंजस व्यक्ती असेल तर तिला आधीच विश्वासात घ्या.

संपादकांचे पत्र इंग्रजीत जाईल, त्याचा गाभा असा ठेवा: "आमच्या अमुक निबंधात शिबिर गटातील सहा महिन्यांनंतरचे सीआरपीचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असताना मिलिग्रॅम प्रति लिटर समजून वापरले गेले. मूळ अहवाल पडताळताना ही चूक आम्हाला आढळली. तिचा परिणाम पुढील तक्त्यांवर, आलेखांवर आणि निष्कर्षांवर होतो. सर्व रुग्णांची फेरगणना सोबत जोडली आहे. जुने आणि नवे आकडे शेजारी दिले आहेत. मूळ माहिती, रुग्णांची ओळख काढून, तपासणीसाठी देण्यास आम्ही तयार आहोत. योग्य ती कार्यवाही करावी." चूक कोणाच्या हातून झाली हे त्यात नको, आणि "निष्कर्षावर परिणाम होत नाही" हे छापील वाक्य तर मुळीच नको. परिणाम होतो.

पदोन्नतीची धास्ती मला समजते. घर चालवणाऱ्या माणसाला ती वाटणारच. २०१३ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये एक अभ्यास आला होता. निबंध मागे घेतला गेल्यावर त्याच लेखकांच्या आधीच्या कामाचे उद्धरण कमी होते का, हे त्यात पाहिले होते. एरवी ते घटत होते. पण लेखकांनी स्वतःहून चूक कळवलेली असली तर ती घट दिसली नाही. पदोन्नतीच्या समितीसमोर मात्र अभ्यास नव्हे, कागद लागतो. म्हणून चूक केव्हा लक्षात आली, कोणाला केव्हा कळवले आणि संपादकांची पोच केव्हा आली, याची तारीखवार नोंद ठेवा, आणि अर्जात हा निबंध दाखवायचा तर "दुरुस्ती विचाराधीन" असे त्याच्यापुढे लिहा. ही चूक समितीला दुसऱ्या कोणाकडून कळली तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच उरणार नाही.

त्यानंतरचे काम भराभर उरकण्यासारखे आहे. हा अभ्यास सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवलेला असेल तर तिथली माहिती सुधारा. तो कोणाच्या प्रबंधातून आला असेल तर ग्रंथालयातील प्रतीला दुरुस्तीपत्रक जोडण्याची परवानगी विद्यापीठाकडे मागा. तुमच्या निबंधाचा हवाला ज्यांनी दिला आहे त्यांची यादी गूगल स्कॉलरवर मिळेल. त्यांपैकी ज्यांनी तुमचे आकडे घेऊन मेटा-विश्लेषण, म्हणजे अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण, केले असेल त्यांना स्वतः लिहा, कारण तिथे तुमची सरासरी दुसऱ्यांच्या आकड्यांत मिसळून गेलेली असते आणि दुरुस्तीची सूचना त्यांच्या नजरेस पडेलच असे नाही. शिबिराचे निकाल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगितले असतील तर तिथेही सुधारलेला तक्ता पोहोचवा. निवासी डॉक्टरला जुनी फाइल देऊ नका. एककाचा रकाना असलेली नवी फाइल पडताळून झाल्यावरच द्या.

संपादकांकडून उत्तर यायला महिने लागतात. महिन्याभरात पोच आली नाही तर स्मरणपत्र पाठवा. त्यानंतरही शांतता राहिली तर प्रकाशकाच्या कार्यालयाला लिहा, आणि नियतकालिक कोपचे सदस्य असेल तर तिथे तक्रार करण्याची सोय आहे. दरम्यान परिषदेत किंवा नव्या लेखनात या निबंधाचा उल्लेख करावाच लागला तर सुधारलेले आकडे द्या, आणि ते अजून छापून आलेले नाहीत असे सोबत सांगा.